गाडीच्या पोटाखालची पेटी पाणी पिते ती अशी

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी एक बंदोबस्त दिसतो. गाडीखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला खताच्या पोत्यातली आतली पातळ पिशवी गुंडाळायची, वरून काळी टेप मारायची आणि सुतळीने आवळायचं. हेतू चांगला आहे, पण पिशवी आजच काढून टाका. पेटी बाहेरच्या पाण्यापेक्षा आत कोंडलेल्या ओलीने जास्त मरते, आणि ती पिशवी नेमकी तीच ओल कोंडून ठेवते. त्यातून पोतं खताचं असेल तर सोबत क्षारही फुकट.

आधी पेटी कोणती ते पाहू. मिस्त्री जिला ईसीएम म्हणतात ती इंजिनची मुख्य पेटी बहुतेक गाड्यांत बोनेटखाली किंवा डॅशबोर्डमागे असते. पण चेसिसवर, गाडीच्या पोटाखालीही काही पेट्या बसवलेल्या असतात. काही गाड्यांत इंधन पंपाची, काही फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसची (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांपैकी ज्यांना डीईएफ, म्हणजे लोक ज्याला युरियाचं पाणी म्हणतात ते लागतं, त्यांत नॉक्स सेन्सरची, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरची. सायलेन्सरच्या पाइपात घुसलेला सेन्सर आणि त्याला वायरने जोडलेला काड्यापेटीएवढा डबा दिसला, तर तो डबा म्हणजेही एक छोटा कंट्रोल युनिटच. तुमच्या गाडीत काय कुठे आहे ते एकदा रॅम्पवर गाडी चढवून टॉर्चने बघून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे काही बदललं, वायर लोंबकळली, पांढरी भुकटी दिसली, तर जुन्या फोटोशी ताडून लगेच कळतं.

पाणी आत जातं कसं

लोकांना वाटतं, पेटीला कुठेतरी भोक पडतं आणि पाणी शिरतं. तसं क्वचितच होतं. खरा प्रकार हवेचा आहे.

पेटी बंद असली तरी आत हवा असते. गाडी तासभर चालली, वर सायलेन्सरची धग लागली, की पेटी आणि आतली हवा ७० अंशांपर्यंत सहज तापते. आता तीच गाडी नाल्याच्या रपट्यावरून पाण्यात उतरली. पाणी २८ अंश. आतली हवा झपाट्याने थंड होते, आकसते, आणि आतला दाब सुमारे १२ टक्क्यांनी पडतो. हा फरक किती मोठा, तर पेटी चार फूट पाण्याखाली धरल्यावर बाहेरून जेवढा दाब पडेल तेवढा. रपट्यावर पाणी वीतभरच असेल, पण पेटीच्या रबरी सीलला ते चार फुटांसारखं भासतं. सील नवं असेल तर टिकतं. पाच-सहा उन्हाळे खाऊन कडक झालेलं असेल, तर पेटी अक्षरशः पाणी ओढून पिते. मग पुन्हा तापल्यावर हवा बाहेर पडते, पाणी मात्र आतच राहतं.

डिफरन्शिअलचं ऑइल नाला ओलांडल्यावर दुधाळ का होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच पटेल. तिथेही गरम हाउसिंग पाण्यात बुडून हवा ओढतं, आणि चिखलाने ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, बंद झाला असेल तर ती ऑइल सीलमधून ओढतं. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक पेट्यांनाही असाच ब्रीदर असतो. बटणाएवढी गोल टोपी, तिच्याआड पांढरट पातळ पडदा. हा पडदा हवा जाऊ देतो, पाण्याचा थेंब अडवतो. त्यामुळे दाबाचा फरक पडल्या-पडल्या मिटतो आणि सीलवर ताण येत नाही. या टोपीवर अंडरबॉडी कोटिंगचा फवारा बसला, सिलिकॉन लागलं किंवा काळी माती वाळून घट्ट झाली, की पेटीचं नाक दाबलं गेलं असं समजा.

पेटीवर किंवा माहितीपत्रकात आयपी ६७ लिहिलेलं असतं. १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, एवढा त्याचा अर्थ. पण त्या चाचणीत पेटी आणि पाण्याच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. आपल्या रपट्यावर तो फरक चाळीसचा असतो. म्हणून आयपी ६७ लिहिलेल्या पेटीतही पाणी निघालं तर त्यात फसवणूक झाली असं नाही. चाचणी वेगळी, रस्ता वेगळा.

दुसरी वाट वायरची. तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा दिव्यातल्या वातीसारखा काम करतो. कुठे उंदराने इन्सुलेशन कुरतडलं, किंवा कुणी टेस्ट लॅम्पची सुई वायरला टोचून करंट तपासला, तर त्या भोकातून शिरलेलं पाणी तारांमधून फूट-दीड फूट सरकत थेट कपलरच्या, म्हणजे वायर पेटीला जोडणाऱ्या प्लगच्या, पिनपर्यंत पोचतं. आणि पेटीने थंड होताना हवा ओढली तर ती वायरमधूनही ओढते, म्हणजे वातीला मागून पंपच लावला. म्हणून वायर टोचून तपासणाऱ्या हाताला आधीच थांबवा. तपासणी कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून होते, सीलला धक्का न लावता.

नुसतं पाणी नाही, आपलं पाणी

स्वच्छ पावसाचं पाणी पिनेवर पडून वाळलं तर फारसं बिघडत नाही. बिघडवतात ते क्षार, आणि विदर्भात ते चहूबाजूंनी येतात.

पहिली काळी माती. ती ओली झाली की फुगते, चिकटते आणि आठवडाभर सोडत नाही. पांदण रस्त्याने गेलेल्या गाडीचा बाहेरचा चिखल उन्हात वाळलेला दिसतो, पण ब्रॅकेट आणि पेटीच्या मधल्या फटीतला गारा आत ओलाच असतो. पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात तर बांधीतून निघालेल्या गाडीखाली ऑगस्टभर हीच अवस्था.

दुसरं, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या भागात बोअरचं पाणी खारं आहे, आणि गाड्या त्याच पाण्याने धुतल्या जातात. धुतल्यावर काळ्या टायरवर पांढरे डाग राहतात ना, तेच डाग कपलरच्या फटीतही राहतात. या भागात शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा फिरवा, दोन बादल्या पुरतात. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी टाकीत धरलं तर त्याहून चांगलं काहीच नाही.

तिसरं खत. पिकअपमध्ये पोटॅशच्या पोत्या फुटतात, दाणे फळ्यांच्या फटीतून चेसिसवर पडतात. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याच्या वजनात जवळपास निम्मं क्लोराइड. ॲल्युमिनियमचा नैसर्गिक संरक्षक थर क्लोराइड फोडतं आणि खड्डे पाडतं. युरिया हवेतली ओल ओढतो आणि कुजताना अमोनिया सोडतो. अमोनिया तांबं आणि पितळेचा वैरी आहे. आठवडी बाजाराला शेळ्या-बोकडं नेणाऱ्या गाड्यांची गोष्ट तीच, कारण मूत्रातही युरियाच. अशा फेरीनंतर हौदा धुताना सगळं पाणी खाली चेसिसवर सोडू नका. आधी झाडून कोरडं काढा, मग धुवा, मग खालून साध्या पाइपने दोन मिनिटं पाणी मारा. डीईएफची टाकी भरताना सांडलेलं पाणीही तसंच पुसून, धुऊन काढायचं. ते वाळलं की पांढरे स्फटिक होतात आणि वायरच्या आतून रांगत जातात.

आता यात वीज मिसळा. कपलरमध्ये एक पिन बहुधा अशी असते जिला चावी बंद असतानाही १२ व्होल्ट मिळतात. तिच्या शेजारच्या अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या, पिनेपर्यंत खाऱ्या ओलीचा पूल झाला, की मुलामा चढवण्याच्या कारखान्यात चालतं तेच उलटं सुरू होतं. प्लसच्या पिनेचं तांबं विरघळून हिरवा मळ बनतो. नुसता गंज महिने घेतो, हा प्रकार काही दिवसांत पीन खाऊन टाकतो. म्हणूनच गाडी बुडाली तर पहिलं काम बॅटरी सोडवणं.

लोखंड आणि ॲल्युमिनियमचं भांडण

अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० या पिकअपचं उदाहरण जगभरच्या मिस्त्र्यांना पाठ आहे. २००४ ते २००८ च्या गाड्यांत इंधन पंपाची पेटी मागच्या स्टेपनीच्या वर, चेसिसच्या आडव्या लोखंडाला चिकटवून बसवली होती. पेटीची पाठ ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू, मध्ये बर्फ वितळवायच्या मिठाचं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम आपला बळी देतं. पाठ कुरतडून भोक पडायचं, पाणी आत, गाडी चालता चालता बंद. पुढे बदली पेटीला पाय देऊन ती लोखंडापासून थोडी उचलली गेली. एवढीच सुधारणा, पण नेमकी.

तुमच्या गाडीतली पेटी जर लोखंडाला सपाट चिकटलेली असेल आणि कडेने पांढरी भुकटी निघत असेल, तर हाच इलाज. नायलॉनचे ५ ते ६ मिमी जाडीचे वॉशर बोल्टवर घालून पेटी उचला, तेवढ्या लांबीचा बोल्ट घ्या, आणि मागची जागा वायर ब्रशने घासून, प्रायमर आणि रंग मारून मगच बसवा. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. काही पेट्या आपला अर्थ याच बोल्टमधून घेतात, काही आपली उष्णता चेसिसला देतात. पेटी काढून मल्टिमीटर लावा. पेटीचं कवच आणि कपलरमधली अर्थची पीन यांत सलग जोड दाखवत असेल, किंवा पेटीच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावलेली असेल, तर नायलॉन घालू नका, कंपनीच्या रचनेप्रमाणेच बसवा. बोल्ट जस्ताचा मुलामा असलेला घ्या. चकचकीत स्टेनलेस भारी वाटतो, पण ॲल्युमिनियमला त्याची सोबत साध्या बोल्टपेक्षा जास्त बाधते.

कपलरची सेवा

वर्षातून दोनदा पुरे: मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, आणि पावसाळा ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमारास. खत, शेळ्या किंवा मुरूम वाहणाऱ्या गाडीला पोळ्याच्या आसपास एकदा जास्त.

चावी बंद करून पाच मिनिटं थांबा, कारण काही पेट्या चावी काढल्यावरही थोडा वेळ जाग्या असतात. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडा. मग कपलर उघडायच्या आधी बाहेरची माती एक इंची रंगाच्या ब्रशने कोरडी झाडून घ्या. ही पायरी सगळे गाळतात, आणि उघडल्याबरोबर वाळूचे कण सीलवर पडतात. नंतर सील कितीही चांगलं असो, कणाशेजारून पाणी वाट काढतंच.

लॉक दाबून कपलर सोडवा, वायरला धरून ओढू नका. आत टॉर्च मारा. हिरवं दिसलं तर तांबं खाल्लं जातंय. पांढरी भुकटी कथलाच्या मुलाम्याची किंवा ॲल्युमिनियमची. काळं, भाजल्यासारखं असेल तर पीन सैल होऊन तिथे ठिणगी पडते आहे, अशी पीन साफ करून भागत नाही, बदलावी लागते. बाकीच्यांवर काँटॅक्ट क्लीनरचा फवारा, मऊ नायलॉनच्या टूथब्रशने दोन-चार हात आणि पुन्हा फवारा. पॉलिश पेपर अजिबात नको. पिनेवरचा मुलामा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो, एका घासण्यात जातो आणि खालचं उघडं तांबं पुढच्याच पावसात हिरवं होतं. पेट्रोल-डिझेलनेही धुऊ नका, रबर फुगतं.

सावलीत वीस मिनिटं वाळू द्या. मग सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस, तुरीच्या दाण्याएवढं, बोटाने रबरी सीलच्या कडेवर पातळ फिरवा. बस. कपलरचं पोट ग्रीसने ठासून भरणारे बरेच आहेत. मग तो बसवताना आतली हवा आणि ग्रीस कोंडतं, मागची छोटी सीलं बाहेर ढकलली जातात, आणि कपलर पूर्ण बसला नाही हे कळतही नाही. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीसही नको, तेही रबर फुगवतं. आणि निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, संरक्षण म्हणून तो ग्रीसची जागा घेत नाही.

कपलरच्या वापरात नसलेल्या भोकांत रबरी बूच असतात. एखादं गायब असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. बूच मिळाला नाही म्हणून सिलिकॉन भरणार असाल तर ते न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड, आणि तांबं गंजवायला ते स्वतःच पुरेसं आहे.

शेवटी कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. वायरला पेटीच्या खाली चार बोटं झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, कपलरमध्ये जाणार नाही. वायरवर काळी पीव्हीसी टेप लपेटू नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि टेपची पन्हाळ होते. नालीदार प्लास्टिक स्लीव्ह घाला, तिची चीर खाली ठेवा. तुटलेली वायर पिळून टेप मारण्यापेक्षा सोल्डर करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब बसवा. तार कापल्यावर आत काळी निघाली तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा.

आडोसा करायचाच असेल तर पुढच्या चाकाकडून येणारा चिखलाचा मारा अडवण्यापुरता करा. मडफ्लॅपचं ३ मिमी रबर, पेटीपासून इंचभर अंतरावर, फक्त पुढच्या बाजूला, खालून आणि मागून मोकळं. चेसिसला नवं भोक पाडू नका, आधीची असतात ती वापरा, आणि सायलेन्सरजवळ रबर नको. अंडरबॉडी कोटिंग करताना पेटी, ब्रीदर, कपलर आणि अर्थचे बोल्ट आधी कागद आणि मास्किंग टेपने झाका. कोटिंग लोखंडासाठी आहे, पेटीसाठी नाही.

वॉशिंग सेंटरवर

प्रेशर वॉशरचा फवारा १०० बारच्या आसपास असतो. आयपी ६७ मध्ये हा मारा तपासलेलाच नसतो. त्यासाठी आयपी ६९के ही वेगळी चाचणी आहे: ८० ते १०० बार, ८० अंशांचं पाणी, १० ते १५ सेंटिमीटरवरून, प्रत्येक कोनातून ३० सेकंद. तुमच्या पेटीवर ६९के नसेल तर नोझल तिच्यापासून तीन फूट लांब, आणि कपलरवर थेट नाहीच. गाडी लांबून आली असेल तर वीस मिनिटं उभी राहू द्या आणि मग रॅम्पवर घ्या. गरम पेटीवर थंड फवारा म्हणजे रपट्याचाच प्रकार, वर १०० बारचा धक्का. धुणाऱ्या पोराला हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गाडी बुडाली तर

भामरागडला पर्लकोटेचा पूर असो की घरामागचा नाला, पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. पण उभी गाडी पाण्यात सापडलीच, तर चावी फिरवून “चालू होते का” बघायचा मोह आवरा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. त्याच दिवशी पोटाखालचे कपलर उघडा. गढूळ पाणी वाळू दिलं तर क्षार तिथेच बसतील, म्हणून पिना आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मोकळ्या हवेत दोन दिवस ठेवा. हीट गन नको, ६० अंशांच्या वर नेऊ नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने काही होत नाही, उलट पीठ मात्र पिनांत जातं. पेटी गोंदाने किंवा आतून राळ ओतून सीलबंद असेल तर ती उघडू नका. आत पाणी खळखळत असेल तर तिचं आयुष्य संपलं. विमा असेल तर साफसफाईआधी फोटो काढा. नुसता थर्ड पार्टी विमा पुराचं नुकसान देत नाही.

बिघाड पाण्याचाच हे ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी चेक लाइट लागतो, दुपारी ऊन तापलं की जातो, पाऊस आला की पुन्हा लागतो. स्कॅनरवर यू अक्षराने सुरू होणारे कोड, म्हणजे पेट्यांचं आपसातलं बोलणं तुटलं. अशा वेळी पेटीवर खापर फोडण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं अर्थचं: इग्निशन आणि दिवे चालू, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक पेटीच्या अर्थ पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थचा बोल्ट उघडून चकचकीत घासा. दुसरं कॅन लाइनचं, म्हणजे पेट्या जिच्यावरून आपसात बोलतात त्या दोन तारांचं: बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत रोध मोजा. साधारण ६० ओम हवा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे, ६० च्या बऱ्याच खाली आला तर कुठेतरी ओल किंवा शॉर्ट आहे. ही दोन मापं पाच मिनिटांत होतात, आणि बऱ्याचदा नव्या पेटीचा खर्च वाचवतात.

पेटी बदलायचीच वेळ आली तर भंगारातून उचललेली तशीच बसवता येईल असं धरून चालू नका. अनेक पेट्यांचं गाडीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) किंवा चेसिस नंबरशी कोडिंग करावं लागतं, ते करून देणारा आधी शोधा, मग पैसे द्या. आणि हौद्याला अँगल जोडायला गाडी वेल्डिंगच्या दुकानात नेलीत, तर बॅटरीसोबत या पेटीचा कपलरही काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी शेजारी लावायला सांगा.